सोफा भिंतीला टेकलाय का, ते आधी सांगा

कोल्हापुरात 'डॉल्बी' म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. विसर्जन मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत, छातीत बसणारा दणका आणि महाद्वार रोडवरच्या दुकानांच्या काचांची थरथर. ज्यांच्या आडनावावरून हा शब्द आला त्या रे डॉल्बी यांनी १९६५ साली कंपनी काढली, ती मात्र टेपवरची सूं-सूं खरखर घालवायला. नको तो आवाज काढून टाकणाऱ्या माणसाचं नाव आपण दणदणाटाला देऊन टाकलं.

घरातल्या होम थिएटरबद्दलही असाच गैरसमज असतो. पाच स्पीकर आहेत, मागं अजून दोन लावले की आवाज वाढेल, असं लोकांना वाटतं. आवाज वाढवायचा तर रिमोटवर बटण आहे. मागचे दोन स्पीकर आवाज कुठून आला ते सांगतात, बस्स.

दिवाळीच्या सुमाराला आर. के. नगरातल्या माझ्या मावसभावाचा फोन आला. नवीन घर, नवीन टीव्ही, जुना ५.१ संच.

"दादा, मागं अजून दोन मारूया. सेव्हन पॉइंट वन करूया."

"सोफा कुठं आहे?"

"सोफ्याचा काय संबंध?"

"भिंतीला टेकलाय का?"

"मग काय हॉलच्या मधी ठेवू?"

या विषयातली नव्वद टक्के गोष्ट या चार वाक्यांत आहे. उरलेली दहा टक्के वायर आणि सेटिंग.

आधी आकड्यांचा अर्थ. ५.१ मधले पाच म्हणजे समोर डावा, मधला, उजवा आणि दोन सराउंड. पॉइंटनंतरचा एक म्हणजे सबवूफरसाठीचा वेगळा चॅनल. त्यात फक्त खालचे, घुमणारे आवाज असतात, साधारण १२० हर्ट्झपर्यंतचे. पूर्ण पट्ट्याचा नाही म्हणून तो 'पॉइंट एक'. ७.१ मध्ये याच मांडणीत पाठीमागचे दोन वाढतात, आणि रिसीव्हरच्या, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्याच्या, पाठीवर त्यांचं नाव 'सराउंड बॅक' असं छापलेलं असतं.

गोंधळ इथंच होतो. पाचाच्या संचातल्या दोन सराउंडना आपण सर्रास 'मागचे' म्हणतो आणि खोलीच्या मागच्या दोन कोपऱ्यांत छताजवळ टांगून मोकळे होतो. ते मागचे नव्हेत, बाजूचे आहेत. सोफ्यावर बसल्यावर नाकाची दिशा शून्य अंश धरा. मग कान नव्वदवर आणि पाठ १८० वर. ५.१ मध्ये सराउंडची जागा ११० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या किंचित मागं. सात करताना हेच दोन थोडे पुढं सरकतात, ९० ते ११० वर, आणि नवीन दोघं १३५ ते १५० अंशांवर बसतात. बहुतेक लोक नवीन दोन आणतात, पण जुने दोन हलवत नाहीत. मग चार स्पीकर पाठीमागं एकाच घोळक्यात उभे राहतात आणि बाजू रिकामी पडते.

पण बाजूला दोन असताना मागं वेगळे हवेत कशाला? त्यासाठी कानाचा कारभार बघायला हवा. आवाज डावीकडून आला की डाव्या कानाला आधी पोचतो, उजव्याला नंतर. हा फरक जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास असतो, तरी मेंदू तो पकडतो. मात्र आवाज नेमका समोरून किंवा नेमका पाठीमागून आला तर दोन्ही कानांना एकाच वेळी पोचतो. तिथं वेळेचा हिशेब चालत नाही. कानाच्या पाळीच्या वळ्या-घड्यांमधून आवाजात होणारा सूक्ष्म बदल आणि आपण नकळत हलवलेली मान, यांवर मेंदूला भागवावं लागतं.

खासबाग मैदानात कुस्ती बघताना हे छान कळतं. डोळे खाली लाल मातीवर असतात, पण कान चारी बाजूंनी उघडे असतात. डाव्या हाताला कुणीतरी शिट्टी मारतो आणि बरोबर पाठीमागच्या पायरीवरून एक म्हातारा ओरडतो, "अरं पट काढ की!" तो म्हातारा कुठं बसलाय ते वळून न बघताही आपल्याला कळतं. आता हीच आरोळी फक्त बाजूच्या दोन स्पीकरमधून सारखीच वाजवली तर? म्हातारा पाठीमागं न बसता कधी डोक्यावर, कधी मानेत, तर कधी समोरच आल्यासारखा वाटतो. दोन बाजूंच्या मध्ये, पाठीशी, एक भोक राहतं. मागचे दोन स्पीकर ते बुजवतात.

सिनेमागृहवाल्यांनाही ही अडचण होतीच. १९९९ साली त्यांनी प्रेक्षकांच्या पाठच्या भिंतीसाठी एक जादा चॅनल काढला. पण एकच चॅनल, तोही बरोबर पाठीमागं, म्हणजे पुन्हा तीच पुढं-मागं गफलत. २०१० पासून थिएटरांत ७.१ आलं, तेव्हा पाठची भिंतही डावी-उजवी अशी विभागली गेली. म्हणून घरीही एक लावून काटकसर करू नये. दोन लावा किंवा लावूच नका.

आता सोफा. मागच्या स्पीकरची जागा काढायला कोनमापक लागत नाही. कानापासून पाठच्या भिंतीपर्यंत टेप लावा. जे अंतर येईल त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त, ते जास्तीत जास्त तेवढंच, इतकं मधल्या रेषेपासून डावीकडं आणि तितकंच उजवीकडं जायचं. १३५ ते १५० अंश त्याच पट्ट्यात येतात. भावाचा सोफा भिंतीला टेकलेला होता, म्हणजे कान ते भिंत जेमतेम एक फूट. या हिशेबानं स्पीकर मधल्या रेषेपासून सात इंच ते एक फुटावर येणार. सरळ बोलायचं तर सोफ्याच्या उशीत.

त्याशिवाय भिंतीला टेकलेल्या डोक्याजवळ खालचे सूर फुगतात. सबवूफर ढब-ढब करतो, संवाद गढूळ होतात, आणि माणूस दोष सबवूफरला देतो. बरं, भावाचा हॉल ११ बाय १७ फुटांचा आणि टीव्ही ५५ इंची. सोळा फुटांवरून ५५ इंची टीव्ही बघणं म्हणजे रंकाळ्याच्या या काठावरून पलीकडच्या भेळेच्या गाडीची पाटी वाचण्यासारखं.

मी म्हटलं, "सोफा पुढं ओढ." त्याला वाटलं मावशी ऐकायची नाही. मावशी स्वयंपाकघरातून आली, सोफ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "ओढा की. मागं माझी शिलाई मशीन ठेवते. तिथं खिडकीचा उजेडबी हाय." कुणाला वाटलं होतं? दोघांनी सोफा उचलला. खाली हरवलेले दोन रिमोट आणि एक चिंचोका सापडला.

आता कान ते भिंत साडेचार फूट झालं. हिशेबानं स्पीकर मधल्या रेषेपासून २.६ ते ४.५ फुटांच्या पट्ट्यात. आम्ही साडेतीन धरले, म्हणजे दोघांत सात फूट आणि कोन १४० च्या थोडा वर. उंची बसल्यावरच्या कानाच्या थोडी वर, सोफ्याच्या पाठीनं आवाज अडू नये इतपत. छताला चिकटवायचे नाहीत. आवाज मागून यायला हवा, वरून नव्हे. एक स्थानिक सूचना: पश्चिमेची भिंत असेल तर पावसाळ्यात ओल येते का ते आधी बघा. बहुतेक स्पीकरची पेटी लाकडाच्या भुशाची फळी असते, ओल प्यायली की फुगते. भिंतीपासून बोटभर सोडून ब्रॅकेटवर लावलेलं बरं.

तुमच्याकडं सोफा पुढं येऊच शकत नसेल, खोलीच दहा बाय दहाची असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: मागच्या दोघांचा नाद सोडा. पाचच स्पीकर नीट कोनात बसवा. फारच हौस असेल आणि रिसीव्हर अ‍ॅटमॉसवाला, म्हणजे वरूनही आवाज देणारा, असेल, तर तेच दोन स्पीकर छताला लावता येतात.

जागा झाली, तरी संचात सोय हवी. यासाठी पुढून काही कळत नाही, पाठ बघावी लागते. स्पीकरच्या लाल-काळ्या जोड्या मोजा. सात जोड्या असतील तर काम सोपं. फक्त बऱ्याच रिसीव्हरमध्ये त्या शेवटच्या दोन जोड्यांचं काम मेनूतून ठरवावं लागतं: पाठीमागचे, छतावरचे, की दुसऱ्या खोलीतले. ते सांगितलं नाही तर वायर बरोबर जोडूनही स्पीकर मुके राहतात. पाचच जोड्या असतील आणि जादा अ‍ॅम्प्लिफायर जोडायचीही सोय नसेल, तर विषय संपला. डब्यातून एकत्र येणाऱ्या संचांचं आणि साउंडबारचं असंच असतं. कंपनीनं त्या मॉडेलला जेवढी सोय दिली तेवढीच, बाहेरचा स्पीकर त्याला चालत नाही.

एका दुकानदारानं मला पूर्वी सुचवलं होतं, "सराउंडच्या त्याच वायरीला अजून एकेक जोडा, होतंय की." वाजतंय खरं. पण त्यातून नवीन चॅनल निघत नाही, बाजूचाच आवाज मागं पुन्हा ऐकू येतो. शिवाय ८ ओहमचे दोन स्पीकर असे समांतर जोडले की अ‍ॅम्प्लिफायरला ते ४ ओहम दिसतात, आणि ४ चे दोन जोडले तर २. जितके ओहम कमी तितका करंट जास्त. दोन बैलांच्या गाडीत चौघांचं ओझं घातल्यासारखं होतं. आमच्या शेजारच्या घरी असा संच अर्ध्या पिक्चरमध्ये तापून आपोआप बंद व्हायचा, आणि घरचे म्हणायचे, व्होल्टेज कमी आहे.

वायर हा वरवर किरकोळ वाटणारा, पण हमखास चुकणारा भाग. समोरच्या स्पीकरला दोन-तीन मीटर पुरते. मागच्याला टीव्हीपासून स्कर्टिंगच्या कडेनं, दाराच्या चौकटीवरून, पुन्हा खाली असं करत बारा मीटर सहज लागते. करंट जातो आणि परत येतो, म्हणून धरायची चोवीस मीटर. दीड एमएमच्या तांब्याच्या वायरीत एवढ्या लांबीला रोध ०.३ ओहमच्या आसपास येतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढं तो चार टक्क्यांच्या आत, म्हणजे चालतंय. तेच अर्ध्या एमएमची बारीक वायर ओढली तर ०.९ ओहमच्या घरात जातो, अकरा टक्के. रोध पाच टक्क्यांच्या आत ठेवा, एवढं पुरे. सोन्याच्या भावाची वायर नको. लक्ष्मीपुरीत मिळणारी साधी तांब्याची वायर घ्या, फक्त टोक सोलून बघा. वरून तांबडी आणि कापल्यावर आत पांढरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम. तिचा रोध जास्त आणि दोनदा वाकवली की तुटते.

भावाचा वायरमन म्हणाला, पंख्याच्या पाइपात जागा आहे, त्यातूनच ओढतो. ओढू देऊ नका. २३० व्होल्टच्या लाइनबरोबर एकाच पाइपात स्पीकरची वायर नको. गुणगुण येते हा भाग लहान, धोका मोठा. आम्ही वेगळी केसिंग पट्टी मारली. भिंतीच्याच रंगाची, दोन दिवसांनी कुणाला दिसतही नाही. आणि वायरलेस म्हणाल, तर सिग्नलची वायर वाचते, करंटची वाचत नाही. प्रत्येक स्पीकरला मागं प्लग पॉइंट लागतोच.

जोडताना लाल लालला, काळा काळ्याला. हे वाचून हसू येईल, पण मी स्वतःच्या घरी हीच चूक केली होती. एकाच स्पीकरला उलटी जोडली. आवाज येत होता, मोठा येत होता, पण पाऊस नेमका कुठं पडतोय ते कळेना, आणि खालचे सूर गायब. एक स्पीकर हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, मग दोघं एकमेकांना खातात. शेवटी घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढला, रिसीव्हरकडची टोकं सोडवली आणि सेलची अधिक बाजू लालला, उणे काळ्याला क्षणभर टेकवली. एका स्पीकरचा पडदा पुढं आला, दुसऱ्याचा आत गेला. चोर सापडला. टोक सोलल्यावर तांब्याची सगळी केसं पिळून आत जायला हवीत. एक जरी बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकलं तरी शॉर्ट होतो.

आता सेटिंग. मागचे स्पीकर कानापासून पावणेसहा फुटांवर, समोरचे बारा फुटांवर. आवाजाला एक फूट कापायला साधारण ०.९ मिलिसेकंद लागतो. म्हणजे मागचा आवाज साडेपाच मिलिसेकंद आधी कानात येणार. मेंदूचा नियम असा की जो आवाज आधी पोचतो, दिशा त्याची धरायची. मग समोरच्या पडद्यावरची गोष्ट मागून घडल्यासारखी वाटते. रिसीव्हर मागच्यांना तेवढं थांबवून ठेवतो. अंतर निम्म्यावर आलं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलनं चढतो, खोलीत थोडा कमी, म्हणून त्यांना खालीही आणावं लागतं.

हे सगळं रिसीव्हरसोबत आलेला छोटा माइक करतो. तो बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवायचा. भावानं तो सोफ्यावर पोह्याच्या स्टीलच्या डब्यावर ठेवला. डबाच आवाज परतवायला लागला, मोजमापं भलतीच आली. मग लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्राचा ट्रायपॉड आणला. पंखा बंद, खिडक्या बंद, सगळे बाहेर. पहिल्या खेपेला नेमकी कुकरची शिट्टी झाली. दुसऱ्या खेपेला जमलं. संपल्यावर मेनूत जाऊन दोन गोष्टी स्वतः तपासा: अंतरं टेपनं मोजल्याच्या जवळपास आहेत का, आणि लहान स्पीकर 'स्मॉल' धरून ८० हर्ट्झच्या आसपास तोडलेत का. त्याखालचं काम सबवूफरचं. चार इंची स्पीकरकडून विमानाची घरघर मागू नये.

त्या रात्री भावानं मागच्यांचा आवाज सहा डेसिबल चढवला. "पैसे घातलेत, ऐकू तरी येऊ देत." हा मोह सगळ्यांना होतो. पण सराउंड चॅनलमध्ये बराच वेळ काही नसतंच. वारा, गर्दी, मागून निघून गेलेली गाडी, एवढंच. मागचा स्पीकर सारखा लक्षात येत असेल तर तो जास्त झालाय. मी तो परत खाली आणला.

शेवटची गोष्ट माल कुठून येतो याची. खरे सात चॅनल ब्लू-रे डिस्कवर भरपूर मिळतात. नेटवरच्या सिनेमांना बहुधा ५.१ किंवा अ‍ॅटमॉस असतं. टीव्हीकडून रिसीव्हरला ऑप्टिकल वायर असेल तर ५.१ च्या पुढं काही येणार नाही. साध्या एआरसीवरून, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतून रिसीव्हरकडं परत नेणाऱ्या सोयीतून, दाबलेला आवाज येतो, आणि ब्लू-रेचा पूर्ण आवाज टीव्हीमार्गे न्यायचा तर तिचीच सुधारलेली आवृत्ती, ईएआरसी, लागते. त्यापेक्षा प्लेअर सरळ रिसीव्हरला जोडावा. पाचाचा माल आला तर रिसीव्हर त्यातून मागच्या दोघांचा वाटा स्वतः काढतो, त्यासाठी रिमोटवर डॉल्बी सराउंड किंवा न्यूरल एक्स असा मोड निवडायचा. तो काम बरं करतो, कधी कधी आश्चर्य वाटावं इतकं बरं. बातम्या आणि मालिका मात्र बहुतेक दोनच चॅनलमध्ये येतात.

आठवड्यानं भावाचा फोन. "दादा, मागचे दोन्ही बंद पडले."

"काय बघतोयस?"

"आईची मालिका."

"ती दोनच चॅनलची आहे. मोड कुठला आहे बघ."

थोडा वेळ खटाखट बटणं ऐकू आली. मग म्हणाला, "आला, आला! सगळीकडनं यायला लागला. सासूबी मागनंच भांडतीय."

"ते ऑल चॅनल स्टिरिओ झालं. समोरचंच सगळ्यांतून वाजतं त्यात. बंद कर."

पलीकडून मशीनची खटखट थांबली. मावशी काहीतरी बोलली.

"आई म्हणतीय राहू दे. टाका घालताना नीट ऐकू येतंय."